रेषेचा दुसरा तुकडा

नोकरी लागल्यावर माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम घरी समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. वडील तालुक्याच्या गावी मोंढ्यात पोती उचलतात. त्यांना मी फोनवर सांगितलं की हवामानाच्या नकाशावर संगणक रेषा काढतो आणि त्या रेषेवरचे बिंदू मी परत बाहेर काढतो. ते म्हणाले, रेषा जर काढलेलीच आहे तर ती परत काढायची कशाला? प्रश्न अगदी बरोबर होता.

आमच्या शाळेत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर समदाब रेषा काढून दाखवल्या होत्या. सारख्या दाबाची गावं एकमेकांना जोडायची, की रेषा तयार. दोन रेषा कधी एकमेकींना छेदत नाहीत आणि रेषा मध्येच कुठे संपत नाही. एक तर ती फिरून स्वतःला मिळते, नाहीतर कागदाच्या बाहेर निघून जाते. मला ते फार आवडलं होतं. आमच्या ऑफिसात तेच होतं, फक्त दाबाऐवजी गारपिटीची शक्यता होती. दर काही किलोमीटरवर एक आकडा, अशी आकड्यांची मोठी जाळी रोज सकाळी आणि दुपारी यायची. तयार प्रोग्रॅम त्यातून रेषा काढून सुरेख चित्र द्यायचा. पण चित्र माणसाच्या डोळ्यांसाठी असतं. रेषा ग्राहकाच्या जागेपासून किती लांब आहे हे यंत्राला विचारायचं, तर रेषेवरच्या प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश हातात हवेत. ती यादी काढायचं काम माझं होतं. ऑफिस चिंचवडला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. माणसं मोजकी. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, स्वतः हवामानाचे जाणकार होते आणि ग्राहक होते चाकणच्या बाजूची मोठमोठी यार्डं, जिथे कारखान्यातून निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या उघड्यावर ओळीनं उभ्या असतात. त्या गाड्यांना पावसाचं काही नाही. भीती फक्त गारांची. दहा मिनिटं गारा पडल्या तरी टपाला आणि बॉनेटला पोचे पडतात, आणि पोचा पडलेली गाडी नवी म्हणून विकता येत नाही.

त्यांतल्या एका यार्डवर मामा होते.

मामा म्हणजे सख्खे नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते परभणीकडून इकडे आले, ड्रायव्हर म्हणून लागले आणि यार्डचे इन्चार्ज झाले. नोकरी ठेकेदाराकडेच राहिली. बारावी झाल्यावर मला घेऊन वडील मोशीला त्यांच्या दारात आले, तेव्हा त्यांनी आधी चहा दिला आणि मग माझी पिशवी आत नेऊन ठेवली. विचारणं-सांगणं झालंच नाही. चार वर्षं मी त्यांच्या पुढच्या खोलीत राहिलो. कॉलेजात पालकाच्या रकान्यात सही त्यांची असायची. माझी परीक्षा असली की मामी टीव्ही लावायच्या नाहीत, आणि मामा पहिल्या शिफ्टला जाताना अंधारातच बूट बाहेर नेऊन ओट्यावर घालायचे, मला जाग येऊ नये म्हणून. पदवीदानाच्या दिवशी ते यार्डच्या सेफ्टी बुटांतच आले होते. त्यांच्याकडे दुसरे बूट नव्हते असं नाही, पण त्यांनी सुट्टी घेतलीच नव्हती, अर्ध्या दिवसात उठून आले होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. फोटोत माझ्या एका बाजूला वडील आहेत आणि दुसऱ्या बाजूला मामा.

यार्डवर त्यांची एक पद्धत होती. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास ते गेटजवळच्या मातीच्या ढिगावर चढून खेडच्या बाजूला बघत. ढगाचा माथा उलट्या तव्यासारखा सपाट झाला आणि वारा एकदम पडला, की खाली येऊन ते ड्रायव्हर पोरांना गाड्या आत घ्यायला सांगत. शेडमध्ये थोड्याच गाड्या मावायच्या. उरलेल्यांवर जाड कव्हरं चढवून दोऱ्या आवळायच्या. सगळ्यांनी मिळून दीड तासाचं काम. एका उन्हाळ्यात मामांनी असं चारदा केलं. गारा पडल्या एकदाच. बाकी तीनदा ढग आळंदीकडे सरकून गेला. पोरं त्यांना हवामान खातं म्हणायला लागली. चाकणचाच एक जुना ड्रायव्हर होता, तो सकाळी हजेरीला विचारायचा, "व्हय मामा, आज छत्री आनू का ऱ्हाऊ दे?" मामा हसायचे. पण गाड्या हलवताना दोन-तीन ठिकाणी ओरखडे आले, तेव्हा वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं की तुमचं शिक्षण किती. ते त्यांना लागलं. घरी त्यांनी ते सांगितलं नाही. मामींना त्या जुन्या ड्रायव्हरकडून कळलं.

म्हणून त्या यार्डनं आमच्या कंपनीचे मेसेज घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मला झालेला आनंद नुसता कामाचा नव्हता. आता मामांना कुणी हसणार नव्हतं. यार्डवर नियमच झाला: मेसेज आला तरच गाड्या हलवायच्या, नाहीतर हात लावायचा नाही. त्या रविवारी मी मोशीला गेलो आणि त्यांच्या फोनवर नकाशा उघडून दाखवला. ही रेषा, हे तुमचं यार्ड, रेषा तीस किलोमीटरच्या आत आली की आपोआप मेसेज येणार. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. ही रेषा तू काढतोस का, असं विचारलं. मी म्हणालो, काढतो संगणक, पण तुमच्यापर्यंत पोचवतो मी. ते मामींना म्हणाले, बघ, आपल्या पुढच्या खोलीत बसून शिकलेलं हाय हे.

मग मी जे म्हणालो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"मामा, आता त्या ढिगावर चढत जाऊ नका. आभाळ बघायचं काम माझं."

पहिला महिना सगळं ठीक चाललं. दोनदा मेसेज गेला, दोनदा गाड्या झाकल्या, एकदा बारीक गारा पडल्याही. त्या आधी मी मागच्या दोन वर्षांच्या नकाशांवर प्रोग्रॅम तपासून बघितला होता. प्रत्येक वेळी गारांच्या शक्यतेचं एकच मोठं कडं असायचं, म्हणजे फिरून स्वतःला मिळालेली रेषा, जिच्या आत धोका; कधी जुन्नरवर, कधी शिरूरकडे. तयार प्रोग्रॅम त्या कड्याचे बिंदू यादीच्या पहिल्या खणात ठेवायचा. मी तो खण उघडायचा, बिंदू घ्यायचे आणि पुढे जायचं, असं लिहिलं होतं. यादी असते म्हणजे तिला आणखी खण असू शकतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ज्या ज्या नकाशावर बघितलं त्या त्या नकाशावर दुसरा खण रिकामा होता, म्हणून मी तिकडे बघणं सोडून दिलं.

मे महिन्यातला शुक्रवार होता. दुपारी तीन वाजून गेले होते, मी जेवणाचा डबा धुऊन जागेवर आलो आणि मामांचा फोन आला. कामाच्या वेळेत ते कधी फोन करत नसत.

"अरे, इकडं लई काळं झालंय," ते म्हणाले. "वारा पडलाय. तुझं काय म्हननं हाय?"

मी समोरच्या पडद्यावर बघितलं. नकाशावर एकच कडं होतं, जुन्नरच्या वर, यार्डपासून पन्नास किलोमीटरच्या पुढे. मी म्हणालो, "मामा, रेषा लांब आहे. नुसता पाऊस येईल."

"नक्की ना?"

"नक्की."

ते बरं म्हणाले. फोन ठेवायच्या आधी मला त्यांच्या मागे पोरांचं बोलणं ऐकू आलं, कुणीतरी मामा काय करायचं असं विचारत होतं.

चिंचवडला चार थेंब पडले. साडेपाचला ऑफिसातल्या कुणाच्या तरी फोनवर व्हिडिओ आला: चाकणजवळ रस्त्यावर पांढरा थर आणि लोक टपरीखाली उभे. मी मामांना फोन लावला, उचलला नाही. सात वाजता मोशीला गेलो. मामा आले होते, आंघोळ करून खाटेवर बसले होते. डोक्याला एका ठिकाणी टेंगूळ आलं होतं. गारा पडत असताना ते पोरांना घेऊन कव्हरं ओढायला उघड्यावर धावले होते. पंधरा-वीस गाड्या झाकून झाल्या, मग पोरांनी ऐकलं नाही, शेडमध्ये पळाली. मामींनी विचारलं, नुकसान किती? मामा म्हणाले, सोमवारी मोजतील. माझ्याशी ते नेहमीसारखं बोलले. जेवून जा म्हणाले. मी जेवलो.

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती तरी मी गेलो. शुक्रवारच्या आकड्यांचं चित्र काढलं, माझे बिंदू घेऊन नव्हे, तर मूळ प्रोग्रॅम जसं काढतो तसं सरळ. चित्रात दोन कडी होती. एक मोठं जुन्नरवर. दुसरं लहान, चिंचोक्याएवढं, चाकण आणि म्हाळुंग्याच्या वर. यार्ड त्या लहान कड्याच्या आत होतं. मी यादी उघडली. दोन खण. दुसऱ्यात सत्तेचाळीस बिंदू. ते शुक्रवारी सकाळपासून तिथेच होते. मी त्यांच्यावरून पुढे निघून गेलो होतो, आणि माझ्या पडद्यावरचा, ग्राहकांच्या फोनवरचा नकाशाही माझ्याच बिंदूंवरून काढला जायचा, त्यामुळे तिथेही कुणाला दिसले नाहीत.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पहिला खण उघडायच्या ऐवजी सगळे खण एकामागोमाग उघडायचे, एवढंच. त्याहून वाईट गोष्ट मला तिथे बसल्यावर सुचली. यार्ड जिथे आहे तिथला जाळीतला आकडा नुसता वाचला असता, तरी धोका कळला असता. रेषेची, बिंदूंची, अंतराची काही गरजच नव्हती. रेषा दिसायला छान दिसते म्हणून आम्ही रेषेच्या मागे लागलो होतो.

सोमवारी सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं आणि चित्र दोनदा बघितलं. मग म्हणाले की करारात लिहिलेलं आहे, अंदाज हा फक्त सल्ला आहे. बदल करून टाक, नोंदीत सुधारणा म्हणून लिही. यार्डला आपणहून काही कळवायचं नाही. मी म्हणालो, सर, तिथले इन्चार्ज माझे मामा आहेत. त्यांनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "मग तर तू अजिबातच काही बोलू नकोस," ते म्हणाले. "तुझे मामा म्हटल्यावर लोक भलतंच काही काढतील. आणि हे बघ, हा ग्राहक गेला तर आपण इथले सगळे घरी."

ते खोटं नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वडिलांना नुकतंच मी सांगितलं होतं की आता पोती उचलणं कमी करा. ही सगळी कारणं खरी होती, आणि ती मोजत मी आठ दिवस घालवले. यार्डच्या साहेबांच्या नावानं मी पत्र लिहून ठेवलं होतं: शुक्रवारी धोका दिसत होता, आमच्या प्रोग्रॅमच्या चुकीमुळे मेसेज गेला नाही, यार्डच्या इन्चार्जचा यात दोष नाही. चार ओळी. रोज सकाळी उघडायचो, एखादा शब्द बदलायचो आणि बंद करायचो.

मामांची चौकशी पुढच्या मंगळवारी झाली. तिथे काय झालं ते मला त्या जुन्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, गाड्या का झाकल्या नाहीत? मामा म्हणाले, मेसेज आला नव्हता, नियम तसा आहे. साहेब म्हणाले, मागच्या वर्षी कुणी न सांगता चारदा झाकल्या, या वेळी डोक्यावर ढग असताना तुमचे डोळे कुठे होते? कुणाला विचारलं होतं का? मामा म्हणाले, न्हाई साहेब, कुनाला न्हाई. "म्या सोता ऐकलंय त्यांनी तुला फोन लावल्याला," ड्रायव्हर मला म्हणाला. "बाजूलाच व्हतो. पर मामांनी माझ्याकडं असं बघितलं, का मी बी गप ऱ्हायलो." त्याच दिवशी ठेकेदारानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. साठीला चार वर्षं बाकी होती.

मी पत्र पाठवलं ते त्यानंतर, बुधवारी. सरांना सांगून पाठवलं. ते म्हणाले, आता काय उपयोग, पण त्यांनी अडवलं नाही. उत्तर आलं दोन ओळींचं, की नोंद घेतली आहे. पुढच्या महिन्यात यार्डनं आमचे मेसेज बंद केले. ऑफिस मात्र बंद पडलं नाही. दुसरे ग्राहक मिळाले. मीही तिथेच आहे.

मामांनी दोन महिने काम शोधलं. मोशीतल्या एका सोसायटीत गेटवर बसले. तिथे येणारी-जाणारी पोरं गाडीची चावी अंगावर फेकून गाडी लावायला सांगायची, ते त्यांना सोसेना. शेवटी त्यांनी गावी जायचं ठरवलं. सामान हलवायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. टेम्पोत खाट चढवली, कपाट चढवलं, मामींच्या कुंड्या दोरीनं बांधल्या. पुढची खोली रिकामी झाल्यावर तिथे मी बसायचो त्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग दिसत होता. मामी तो ओल्या फडक्यानं पुसत होत्या. घरमालकाला बरं दिसत नाही म्हणाल्या.

मामा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सांगितलं. इतके दिवस येत-जात होतो, जेवत होतो, पण सांगितलं नव्हतं. दोन कडी होती, मी एकच घेतलं, दुसरं यादीत तसंच पडून राहिलं. दगडानं फरशीवर काढून दाखवलं, मोठं कडं आणि लहान कडं. पत्र आठ दिवस माझ्याकडे पडून होतं तेही सांगितलं.

त्यांनी लहान कड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे दुसरा तुकडा तुझ्यापाशी व्हता?"

"होता."

"निस्ता बघितला न्हाईस."

"नाही बघितला."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. एखादं यंत्र कशानं बंद पडलं ते कळल्यावर माणूस मान हलवतो, तशी.

"मी तर बघितला व्हता की रे," ते म्हणाले. "डोक्यावरच व्हता. पोरं थांबली व्हती, मी नुसतं चला म्हनायचं व्हतं. पन मी तुला इचारलं."

मी म्हणालो, मामा, चौकशीत माझं नाव का नाही सांगितलं? ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठायची त्यांना सवय होती. "कामून सांगायचं?" ते म्हणाले. "दोघांनी घरी बसून काय केलं असतं?" मग टेम्पोवाल्याला त्यांनी दोरी आणखी आवळायला सांगितली. मामींनी मला जवळ घेतलं. त्या रडल्या, मामा रडले नाहीत. नाशिक रस्त्यावर वळेपर्यंत कपाटाचा आरसा उन्हात चमकत होता, एवढं मी बघितलं.

आता रविवारी मी त्यांना फोन करतो. ते तिकडच्या गोष्टी सांगतात. भावाच्या जनावरांचं बघतात, सकाळी देवळाच्या पारावर बसतात. मला विचारतात, पगार वाढला का, लग्नाचं काय, वडिलांची पाठ कशी आहे. कामाबद्दल विचारतात, पण हवामानाबद्दल कधी विचारत नाहीत. मुद्दाम टाळतात असं वाटत नाही. पूर्वी मी यायच्या आधी जसे राहत होते, तसे परत राहायला लागले आहेत, एवढंच. माझं मात्र तसं होत नाही. रोज दुपारी नवे आकडे आले की मी यार्डांच्या आधी परभणीकडचा त्यांच्या गावचा चौकोन उघडतो. ते माझं काम नाही, तिकडे आमचा कुणी ग्राहक नाही. सगळे खण बघतो, मग त्या बिंदूवरचा आकडाही वाचतो.

मागच्या रविवारी बोलता बोलता ते थांबले. घराबाहेर येऊन उभे राहिले असावेत, वाऱ्याचा आवाज आला.

"ठेवतो बाबा," ते म्हणाले. "आभाळ आलंय वरच्या अंगानं. कडबा झाकायचाय."

माझ्यासमोर त्यांच्या गावचा नकाशा उघडाच होता. दुपारचे ताजे आकडे होते. एकही कडं नव्हतं, आसपासच्या तालुक्यांतही नव्हतं. गावावरचा आकडा शून्याच्या जवळ होता. मी परत एकदा बघितला.

"झाका, मामा," मी म्हणालो.